खुराड्याची मोजणी

आमच्या मूल गावात कोंबड्या पाळणाऱ्यांना तोटा नाही. पण घरात कोंबड्या बायकोने पाळायच्या आणि नवऱ्याने नुसतं खुराडं पाळायचं, तेही कागदावर, असं घर मला एकच माहीत आहे. ते मोजणीसाहेबांचं.

साहेब भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. भावाभावांत धुऱ्यावरून लागलेली कित्येक भांडणं त्यांनी मोजून मिटवली, जी मिटली नाहीत त्यांच्या हातात क-प्रत देऊन कोर्टाचा रस्ता दाखवला. उभ्या तालुक्याच्या हद्दी ज्याने कायम केल्या, त्याला आपल्याच सांदवाडीत दहा कोंबड्यांचं खुराडं कुठे नि केवढं बांधायचं, हे ठरवायला किती वेळ लागावा? काकूंच्या मते एक दुपार. साहेबांच्या मते अजून वेळ आलेली नाही.

माहिती त्यांच्याकडे नाही असं कोणी म्हणू नये. रात्रीपुरतं कोंडायचं तर एका कोंबडीला एक चौरस फूट जागा पुरते, दिवसभर आत ठेवायचं तर दोन लागते, हे ते झोपेतही सांगतील. म्हणजे दहा कोंबड्यांना चार बाय तीन खूप झालं. इथे साधा माणूस थांबून सुताराला बोलावतो. साहेब इथून सुरू होतात. दहाच्या बारा झाल्या तर? खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन उठली तर? त्यातले अर्धे कोंबडे निघाले तर? कोंबडे संक्रांतीपर्यंत टिकतात की पाहुण्यांपर्यंत, यावर क्षेत्रफळ बदलतं. वारसनोंदीसारखा हा हिशेब फांद्या फुटत जातो आणि शेवटी खुराडं सांदवाडीत मावेनासं होतं.

मग दिशा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब बाजूच्या जाळीतून ऊन थेट आत येत नाही, असं पशुवैद्यकीय दवाखान्यात कोणीही सांगतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. तेव्हा हा सल्ला सोन्यासारखा आहे. पण तो मोजणीवाल्याला द्यायचा नसतो. साहेबांनी पेटीतून होकायंत्र काढलं. होकायंत्राची उत्तर वेगळी आणि खरी उत्तर वेगळी, हा मुद्दा त्यांनी मला उन्हात उभं करून समजावला. दोन्हींतला फरक इथे इतका किरकोळ आहे की कोंबडीला तो जन्मात कळायचा नाही. साहेबांना मात्र कळतो, आणि तेवढ्यावर पंधरवडा जातो.

छपराचं तर विचारूच नका. टिनाचं छप्पर उन्हाळ्यात कोंबड्या उकडून काढतं. तणसाचं थंड, पण पावसात कुजतं आणि उंदरांना आवडतं. टिनावर तणस टाका, असं आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. साहेबांनाही ते पटतं. पण तणस किती इंच?

बांबूचं बांधायचं ठरलं तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली. बांबू म्हणजे आमच्या जिल्ह्याचं घरचं लाकूड, आणि चंद्रपूरच्या रस्त्यावर चिचपल्लीला तर बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रच आहे. साहेब तिथे जाऊन आले. नुसता बांबू भुंगा पोखरतो, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला तर टिकतो, एवढं ज्ञान घेऊन परतले. मग बुरडकाम करणाऱ्याला घरी बोलावलं आणि चहा देऊन त्यालाच बांबू शिकवला. 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला; त्याआधी 2011 मध्ये मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायचा हक्क मिळाला; सगळं सांगून झालं. पिढ्यान्‌पिढ्या बांबू सोलणाऱ्या त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बराबर आहे जी. पन चार बाय तीन का पाच बाय तीन, ते सांगा ना!"

साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या."

हा प्राणी फक्त मूलमध्ये होतो असं नाही. मुलीसाठी स्थळं पाहता पाहता तिला तिशी ओलांडू देणारे, पंख्याच्या दुकानात पाती मोजून घामेजून घरी येणारे, सगळे याच जातीचे. आळशी म्हणावं तर दिवसभर धावपळ. मूर्ख म्हणावं तर आपल्यापेक्षा जास्त माहिती. मला वाटतं, त्यांना वस्तू नको असते, चौकशी हवी असते. खुराडं एकदा उभं राहिलं की साहेबांच्या हातात टेप धरायला कारण काय उरलं?

नातवाने मोबाईलवर विलायतेतली खुराडी दाखवल्यापासून तर घोडा आणखी अडला. व्हिक्टोरिया राणीने 1840 च्या दशकात विंडसरला कोंबड्यांसाठी खास इमारत बांधवली होती, हे साहेबांनी भर जेवणात सांगितलं. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिनं नवऱ्याले इचारलं नसन."

तोवर कोंबड्या काय करत होत्या? गावरान कोंबडी कोणाच्या निर्णयाची वाट पाहत नाही. संध्याकाळ झाली की त्या आंब्यावर जाऊन बसायच्या. त्यांचा जंगलातला पूर्वजही झाडावरच झोपतो. साहेबांनी शिडी लावून त्या बसतात ती फांदी मोजली. दांडी सव्वा ते दोन इंचांची असावी, फार गुळगुळीत नसावी, ही नोंद वहीत झाली. नोंद अगदी बरोबर आहे.

आणि एका रात्री रानमांजराने एक कोंबडी नेली. आमच्याकडे ताडोब्याचं जंगल म्हणजे काही लांबचं प्रकरण नव्हे. बिबट्यापासून मुंगसापर्यंत सगळ्यांना गावाचा पत्ता पाठ आहे. सकाळी साहेबांनी रीतसर पंचनामा केला. पिसं पडल्याचं ठिकाण, तिथून आंब्याचं अंतर, मागच्या भिंतीची उंची, प्रवेशाची संभाव्य दिशा. नकाशात तांबड्या शाईने फुली मारली. पंचाच्या जागी माझी सही घेतली.

काकूंनी सही केली नाही. त्या पदर खोचून बाहेर पडल्या आणि बुरडाला घेऊनच आल्या. चार बाय तीन. जमिनीपासून दोन फूट उंच, चार खांबांवर. खाली एक फूट तट्ट्याची भिंत, वर अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून जी षटकोनी मिळते ती घेतली नाही. तिच्यातून कोंबडी बाहेर जात नाही हे खरं, पण मुंगूस बिनदिक्कत आत येतं. आत दांडी आणि दोन टोपल्या अंडी घालायला. टिनावर तणस, अंदाजाने. खाली राईस मिलमधून आणलेला धानाचा कोंडा. मूलमध्ये राईस मिलला काय कमी? तो कोंडा ओला झाला की बदलायचा, नाहीतर वास सुटतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. राणीखेतीची लस काकू पूर्वीपासून चुकवत नाहीतच.

काम दोन दिवसांत झालं. साहेब दोन्ही दिवस खुर्ची टाकून बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तयार खुराड्याची मोजणी केली आणि एका कोपऱ्यात पाऊण इंचाची तफावत काढली. क-प्रत माझ्याकडे आली आहे, शिक्क्याच्या जागी पंचाचा अंगठा हवा आहे म्हणे.

तुम्हाला कोंबड्या पाळायच्या असतील तर काकूंचं खुराडं येऊन खुशाल पाहा. उंची पाहा, जाळी पाहा, कडी पाहा, आणि अंधार पडायच्या आत ती कडी लावायला घरात कोण आहे ते आधी ठरवा. यायचंच तर दुपारी या, त्या वेळी साहेब झोपलेले असतात. जागे असले तर ते तुमच्याबरोबर तुमच्या घरी येतील. सध्या त्यांच्याकडे मोजायला काही नाही.