कोडकाका

कुणाच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की मालकाच्या आधी तो कोडकाकांना कळतो. कसा, ते विचारू नये. लेंगा, बंडी आणि मुठीत निळा स्कॅनर अशा थाटात ते पार्किंगमध्ये उभेच असतात. "सरका जरा," म्हणून स्टीअरिंगखाली मुंडी घालतात, सोळा पिनांचं सॉकेट चाचपडतात आणि मोबाईलकडे बघत गरजतात, "पी शून्य एक सात एक!"

मग शिकवणी सुरू होते. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसांतलं बोलणं. गाडीनं आपला बिघाड आपणच सांगायची ही पद्धत म्हणजे ओबीडी-टू; अमेरिकेत ती १९९६च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, आपल्याकडे २०१३च्या एप्रिलात. लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसालाही काका एवढं ऐकवूनच वर सोडतात.

०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ते का, हे कोड सांगत नाही. इनटेकचा पाइप फाटला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, नाहीतर पंप दमला असेल. काकांना एवढा दम कुठला? "ऑक्सिजन सेन्सर बदला!" म्हणून मोकळे. म्हणजे तक्रार ज्यानं आणली, त्यालाच आधी कामावरून काढायचं.

त्यांचं खरं प्रेम कोड पुसायच्या बटणावर. दाबलं की दिवा गायब, मालक खूश, काकांना चहा. बिघाड पुन्हा पटेपर्यंत कॉम्प्युटर एक-दोन फेऱ्या गप्प बसतो, तोवर चहा पचलेला असतो. शिवाय बिघाडाच्या क्षणी वेग किती, इंजिन किती तापलेलं, ही गॅरेजवाल्याच्या कामाची नोंदही त्याच बटणानं पुसली जाते.

न्यायानं सांगायचं तर दिवा नुसता न लागता लुकलुकायला लागला, तर काका गाडीपुढे आडवे होतात, आणि ते बरोबर आहे. लुकलुकता दिवा म्हणजे मिसफायर, आणि त्यात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. एकदा तर एक नंबरच्या सिलिंडरची कॉइल त्यांनी दोन नंबरला लावली. मिसफायरचा ०३०१ जाऊन ०३०२ आला, म्हणजे दोष कॉइलचाच. त्या दिवशी त्यांनी चहासोबत भजीही घेतली.

स्वतःची गाडी मात्र १९९७ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. तिला हे सॉकेटच नाही, म्हणून तिला आजवर काही झालेलंही नाही.

यंदा मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या गाडीत ०११३ उगवला. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर उणे चाळीस! पुणं घामानं निथळत होतं. काकांनी आकडा दोनदा पुसून पाहिला, तो हटेना. आधी एसीवर संशय, मग "ईसीयू, म्हणजे कॉम्प्युटरच गेला," असा निकाल. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खर्च विचारला आणि गुपचूप गॅरेजवाल्याला बोलावलं.

त्यानं बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि तुटलेल्या वायरची दोन टोकं वर धरली.

"काका, उंदीर."

सेन्सरचं सर्किट तुटलं की कॉम्प्युटरला सैबेरिया दिसतो, एवढंच. त्यानं वायर जोडली, टेप गुंडाळली, बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधली. कोड पुसायचा मान काकांनी सोडला नाही.

"उंदराला वेगळा कोड नाही का रे?"

"नाही काका."

"असायला हवा," म्हणून काकांनी बंडीतून डायरी काढली. तो पीमध्ये घालावा की यूमध्ये, यावर त्यांनी गॅरेजवाल्याला अर्धा तास भर उन्हात उभं केलं. त्याचे पैसे वहिनींना तेवढ्या वेळात दोनदा खाली येऊन द्यावे लागले, कारण पहिल्यांदा ते काकांनी बुकमार्क म्हणून डायरीत ठेवले.