ल प्वीतला अख्खा मसूर

फ्रान्समध्ये मूल सहावीतून पाचवीत गेलं की आईबाप खूश होतात. पाचवीतून चौथीत, चौथीतून तिसरीत असं उतरत उतरत पोरगं पहिलीत पोचतं, तेव्हा ते सोळा वर्षांचं झालेलं असतं आणि मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर सिगारेट ओढत असतं. पहिलीनंतर शेवटची इयत्ता, ‘तेर्मिनाल’, आणि मग सुटका.

या उलट्या शिडीवर पोरांना परकी भाषा बोलायला लावण्यासाठी फ्रेंच सरकार बाहेरदेशचे सहाय्यक नेमतं. पद्धत शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला १२ तास, महिन्याला साधारण ८०० युरो. इंग्रजीसाठी आयर्लंडहून, कॅनडाहून मुलं येतात, तशी भारतातूनही जातात. मध्य फ्रान्सच्या डोंगरातल्या ल प्वी-आँ-व्हले गावातल्या एका लिसेनं, म्हणजे वरच्या इयत्तांच्या शाळेनं, अस्सल इंग्रजी मागितलं होतं. त्यांना मिरजेचं मिळालं.

पहिले काही आठवडे कागदांत गेले. घरमालकीण म्हणाली, आधी बँकेचं खातं दाखव. बँक म्हणाली, आधी घरचा पत्ता दाखव. दोघींचंही बरोबर होतं, म्हणून कुणाशी भांडताही येईना. शेवटी शाळेच्या कचेरीतल्या बाईंनी कुठलंसं पत्र टाइप केलं, त्यावर शिक्का मारला आणि फ्रेंच प्रजासत्ताक माझ्यापुरतं सुरू झालं.

शाळेत सहाय्यकाची जात ठरत नाही. पर्यवेक्षक मला विद्यार्थिनी समजून शिक्षकांच्या झेरॉक्स मशीनपासून हुसकत, आणि विद्यार्थी शिक्षिका समजून गप्प बसत. ही गप्प बसण्याची कला त्यांनी फार वरच्या पायरीवर नेली आहे. गुण २० पैकी. त्यातले पूर्ण २० सहसा कुणाला देत नाहीत. १४ मिळाले तर घरी आनंद. अशा हिशेबात वाढलेलं पोर वाक्य मनात पुरतं घासूनपुसून होईपर्यंत तोंड उघडत नाही आणि तोवर तास संपतो. मी गांधींवर बोलले: शांतता. बॉलिवूडवर बोलले: शांतता. फक्त मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, तुमच्याकडे हत्ती आहे का? नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला तो संपलाच.

खरी शाळा भरते ती बाराच्या सुमाराला, कँटीनमध्ये. आपल्याकडे डबा हा दोन तासांमधला अडथळा असतो. इथे तास हे जेवणाच्या दोन्ही बाजूंचे अडथळे. ट्रे सरकवत जायचं. आधी व्हिनेगरमधलं किसलेलं गाजर, मग मुख्य पदार्थ, मग चीज, मग फळ किंवा दही, सोबत हवा तेवढा पाव. एवढं सगळं सरकारी शाळेत, आणि तरी शिक्षकांच्या टेबलावर रोज तक्रार, की पूर्वीसारखं राहिलं नाही. इतिहासाच्या सरांनी तर तारखाच सांगितल्या. १४ वर्षांखालच्या मुलांची शाळेतली वाइन १९५६ साली बंद झाली आणि लिसेतल्या मोठ्यांची १९८१ साली. फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना त्यांचा आवाज इतका कातर होत नसावा.

मी मांस खात नाही, हे वाढणाऱ्या मावशींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, पुलावासारख्या भातातले डुकराच्या मांसाचे तुकडे चिमट्यानं बाजूला केले आणि भात मला वाढला. दुसऱ्या दिवशी मासा. त्यांच्या लेखी मांस म्हणजे गाय. बाकीचं तोंडी लावणं. २०१९च्या नोव्हेंबरपासून मात्र फ्रान्सच्या शाळांत आठवड्यातून एकदा बिनमांसाचं जेवण देणं कायद्यानं बंधनकारक झालं आहे. श्रावणासाठी संसदेत ठराव आणावा लागणारा देश मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी मी आनंदानं दोनदा वाढून घेई आणि निम्मी पोरं बाहेर जाऊन कबाब खात.

अशाच एका शाकाहारी वारी ताटात मसूर आला. ल प्वीचा मसूर म्हणजे गावाची अब्रू. ज्वालामुखीच्या मातीतला, हिरवा, बारीक, शिजला तरी अख्खाच राहणारा. १९९६ पासून त्याला सरकारी मानांकन आहे, म्हणजे दुसऱ्या गावच्या मसुरानं हे नाव लावायचं नाही. मी सांगली-इस्लामपूर पट्ट्यातली, जिथे हायवेवर दर दोन ढाब्यांआड अख्ख्या मसूरची पाटी लागते. एक घास खाल्ला. हळद नाही, लसूण असावा असा नुसता संशय, तर्रीचा पत्ता नाही.

दुपारच्या तासाला गांधी बाजूला ठेवले आणि फळ्यावर लिहिलं: तुमच्या मसुराला चव नाही.

पुढची पन्नास मिनिटं मला बोलायला मिळालं नाही. चव नाही? आजीच्या हातचा खाल्लाय? मीठ आधी घालतात की शेवटी, यावर दोन मुली हमरीतुमरीवर आल्या, तीही इंग्रजीत! काळ चुकले, क्रियापदं आडवी झाली, कुणाला पर्वा नव्हती. गाजर हवं, तमालपत्र हवं, सॉसेज तर हवंच. हत्तीवाल्यानं टेकडीवरच्या मेरीच्या अवाढव्य लाल पुतळ्याकडे बोट दाखवून, सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या २१३ रशियन तोफा वितळवून तो १८६० साली उभा केल्याचं सांगितलं. मसुराशी त्याचा संबंध काय, हे कळलं नाही. पण गावाच्या बदनामीला तोफांचं उत्तर, एवढा आशय पोचला. मी फोडणीची कृती सांगितली. हळदीपर्यंत ऐकून घेतलं, हिंगाला वर्गानं एकमुखानं नकार दिला.

त्यानंतर विषय निवडणं सोपं झालं. दर आठवड्याला मी एका फ्रेंच पदार्थाची निंदा करायची आणि वर्गानं इंग्रजीतून माझा समाचार घ्यायचा. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, पोरं सुधारली. फक्त ‘व्हेरी’ला ‘वेरी’ म्हणायला लागली आहेत आणि हो म्हणताना मान आडवी हलवतात. त्याला माझा इलाज नव्हता.

तुमच्या घरातलं कुणी या कामावर निघालं असेल, तर जन्मदाखल्याचा फ्रेंच अनुवाद, पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा आणि हळद बरोबर द्या. मसूर देऊ नका. तिथे उत्तम मिळतो.