उस्मानाबादी शेळी आणि माझं एम. टेक.

ज्ञानाची तहान लागली म्हणून एम. टेक. करतोय, असं मी घरात जाहीर केलं. फाटकावरच्या पाटीवर ‘बी. ई. (सिव्हिल)’च्या पुढं जागा मोकळी आहे आणि मागच्या गल्लीतल्या एका पोरानं आपल्या पाटीवर तेवढीच जागा भरून टाकलीय, हे बोललो नाही. बायकोला ठाऊक होतंच.

एआयसीटीईचा, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, २०१८चा नमुना अभ्यासक्रम उघडला. चार सत्रं, ६८ श्रेयांक, त्यातले २६ एकट्या प्रबंधाचे. गेट ही प्रवेश परीक्षा पास होऊन आलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. पण गेटमध्ये पर्याय चुकला की मार्क कापतात, आणि मला आयुष्यभर फक्त बिलं कापून घ्यायची सवय!

त्यापेक्षा आमची शेळी बरी. २०२३मध्ये आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. बहुधा काळीभोर, कान लांब लोंबते, दुष्काळात बाभळीच्या पाल्यावर निभावते आणि पुष्कळदा जुळी देते. एवढ्यावर देशभर नाव. तिला कुणी संशोधन पद्धतीचा पेपर विचारत नाही, प्रबंधाचं शीर्षक तीनदा बदलून आणा म्हणत नाही. तिच्या गळ्यात पाटी नाही, तरी बाजारात लोक लांबून ओळखतात. मला पाटी असून कुरिअरवाला ओळखत नाही. असो, शेळीवर मी फार वेळ बोलू शकतो.

अभ्यासक्रमातली खरी गंमत ‘ऑडिट कोर्स’च्या यादीत आहे. भारताचं संविधान, योगाद्वारे तणाव व्यवस्थापन, व्यक्तिमत्त्व विकास, आपत्ती व्यवस्थापन. एकजात सगळ्यांना श्रेयांक शून्य. मी व्यक्तिमत्त्व विकासापुढं लगेच बरोबरची खूण केली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या १९९३च्या भूकंपात पडलेल्या सास्तूरच्या.

“आपत्ती म्हंजे भूकंपच की,” त्या म्हणाल्या. “त्याला मार्क किती?”

“शून्य. निकालाच्या बेरजेत धरत नाहीत.”

“मग शिकवत्यात कशाला?”

माझी पदवी १९९३च्या उन्हाळ्यातली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची हातभर माती, हे सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. मी भूकंपाच्या गावात गेलो तेव्हा स्ट्रक्चर्समध्ये डिस्टिंक्शन मिळवलेला कोरा इंजिनिअर होतो. प्रत्येक गावात दिसणाऱ्या त्या माळवदाचं वजन किती भरतं, हे मला एकाही पेपरात कुणी विचारलेलं नव्हतं. कोणतं लाकूड आधी उचलायचं ते गावातला सुतार सांगत होता आणि मी उचलत होतो. सिमेंटच्या तुळईची गणितं मला तोंडपाठ होती. या जिल्ह्यात बसून आपत्तीचा विषय बेरजेबाहेर ठेवलेला पाहिला की डोकं फिरतं.

“जावईबापू, तुमी तोच घ्या,” सासूबाई म्हणाल्या.

घेतला. दोन सत्रांत दोन ऑडिट कोर्स घेता येतात, त्यामुळं व्यक्तिमत्त्व विकासापुढची खूण मी खोडलेली नाही.