काका पार्श्वभूमीत गेले

आमच्या सोसायटीतून एक सायकल गेली. जाण्याआधी आठ महिने ती जिन्याखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडग्या फोडत होती, तेव्हा तिला सगळे भंगार म्हणत. नाहीशी झाल्यावर पाच मिनिटांत ती 'चांगली सायकल' झाली आणि रात्री साडेआठला कमिटीची तातडीची बैठक बसली.

कॅमेऱ्यातलं चित्रण होतं, पण ते तासन्‌तास बघत कोण बसणार? माझी पुतणी संगणकाला चित्रं वाचायला शिकवण्याची नोकरी करते. ती म्हणाली, "काका, मी आजच्या संध्याकाळच्या दोनशे चौकटी काढून बघते." तिने लॅपटॉप उघडला, दहा मिनिटं पंखा घरघरला, आणि पडद्यावर दोन खिडक्या आल्या. उजवीकडे काळ्या अंधारात फक्त हलणारी माणसं: पिशव्या सांभाळत येणारे पार्सलवाले, शिकवणीहून परतणारी मुलं, एक मांजर. डावीकडे माणसं पुसून काढलेलं निवांत गेट: कडुनिंब, सूचनाफलक, बाक. आणि बाकावर, वर्तमानपत्रासकट, मी.

"काका, तुम्ही पार्श्वभूमीत गेलात," पुतणी म्हणाली.

"मला काही नवल वाटलं नाही," आतून बायकोचा आवाज आला.

झाल्या प्रकाराचा जाब कुणाला तरी विचारायला हवा होता, म्हणून मी या यंत्राची कुळकथा काढायला बसलो. ती १९०१ सालापर्यंत मागे जाते. कार्ल पिअर्सन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने तेव्हा एक साधा प्रश्न विचारला होता: ठिपक्यांचा थवा पसरलेला असेल, तर त्याच्या सगळ्यांत जवळून जाणारी रेघ कोणती? पुढे १९३३ मध्ये हॅरॉल्ड हॉटेलिंगने हाच विचार संख्याशास्त्रात नीट बसवला आणि त्याला प्रिन्सिपल कॉम्पोनंट म्हणजे 'मुख्य घटक' असं भारदस्त नाव मिळालं. शंभर रकान्यांचं कोष्टक असावं आणि दोन-तीन रकान्यांत त्याचं सार यावं, एवढीच त्यातली मागणी.

तोटा एकच, आणि तो आंबेवाल्यांना ठाऊक असलेला. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. ही रीत चुकांचे वर्ग करून त्यांची बेरीज करते, त्यामुळे दूर पडलेला एकच चुकार ठिपका सगळी रेघ आपल्याकडे ओढून घेतो. लग्नघरातल्या रुसलेल्या मामांसारखा. चारशे पाहुणे बाजूला राहतात आणि मांडव एका माणसाभोवती फिरू लागतो.

तेव्हा ही रीत काटक कशी करावी, यावर लोकांनी बराच विचार केला. त्यातला सगळ्यांत गाजलेला निबंध कॅन्डेस, ली, मा आणि राइट या चौघांचा, २०११ साली छापून आलेला. त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. छातीठोक सिद्धता हातात असताना मथळ्यात प्रश्नचिन्ह ठेवणारी माणसं मला फार आवडतात. आमच्या कमिटीच्या परिपत्रकात उलट असतं: आत सगळे प्रश्न आणि मथळ्यावर उद्गारचिन्ह.

त्यांचं म्हणणं असं की नासका आंबा शोधून फेकत बसू नका, आढीच दोन करा. मूळ कोष्टक म्हणजे दोन कोष्टकांची बेरीज समजा. एक रोजचं, म्हणजे लो रँक. इथे रँक म्हणजे परीक्षेतला नंबर नव्हे, तर कोष्टकात खरोखर वेगळ्या गोष्टी किती, त्याचा आकडा. दोनशे चौकटींत तेच गेट असेल तर रँक एक. मध्येच दिवा लागून सावल्या बदलल्या तर दोन. दुसरं कोष्टक अपवादांचं: बहुतेक घरं रिकामी, कुठेकुठे काहीतरी घडलेलं. बेरीज दिलेली, दोन्ही आकडे हरवलेले. शाळेत असं गणित घातलं असतं तर पालक मोर्चा घेऊन आले असते.

तरीही ते सुटतं, कारण दोन्हीकडे दंड ठेवलेला आहे. रोजच्या कोष्टकात फार वैविध्य भरलं तर दंड, अपवाद फार मानले तरी दंड. एकूण दंड कमीत कमी ठेवायचा. दोन दंडांचं प्रमाण किती, हेही त्या चौघांनी सांगून टाकलं: कोष्टकाच्या लांब बाजूचं वर्गमूळ घ्या आणि एकला त्याने भागा. विमानतळावरच्या चित्रणाचं त्यांचं उदाहरण आहे. १७६ गुणिले १४४ ठिपक्यांची एक चौकट, म्हणजे २५,३४४ आकड्यांचा एक उभा रकाना, आणि असे २०० रकाने. पन्नास लाखांवर आकडे आणि दंड सुमारे एक छेद १५९. लॅपटॉपचा पंखा का घरघरला, ते मला तेव्हा कळलं. गंमत अशी की आंबा किती नासका आहे याला इथे महत्त्वच नाही. तो कितीही नासका असो, असे आंबे फार नसावेत आणि आढीभर विखुरलेले असावेत, एवढीच अट. सगळे एकाच कोपऱ्यात साठले की कारभार बिघडतो. विसर्जनाची मिरवणूक या यंत्राला दाखवली तर ते बिचारं रडेल.

ही युक्ती एकदा कळली की जिथे तिथे दिसू लागते. चेहऱ्यांच्या फोटोंवरून नाकाची सावली आणि डोळ्यांतली चकाकी त्या चौघांनीच उतरवून दाखवली. एमआरआयमध्ये स्थिर शरीर एका कोष्टकात आणि पसरत जाणारं औषध दुसऱ्यात, असं करून कमी मोजमापांत चित्र उभं करतात. २०१२ साली पो-सेन हुआंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गाण्यातून गळा वेगळा केला: वाद्यांची साथ पुन्हापुन्हा तीच येते म्हणून ती रोजची, गाणारा आवाज अपवाद. मी डोळे मिटून तानपुरा आणि ठेका एका बाजूला ठेवून पाहिले. जमलं. तबलजी लहर येऊन उठान घेईल तेव्हा मात्र यंत्र त्याला गवई समजेल, असा माझा कयास आहे, आणि काही तबलजींना ते मान्यही असेल.

लेखांच्या ढिगाऱ्यातून ठरावीक शब्द आणि खास शब्द वेगळे करता येतील, असंही त्या निबंधात सुचवलं आहे. हे मी शोकसभेत बसून करून पाहिलं. पोकळी, न भरून येणारी हानी, अजातशत्रू: सहा भाषणं, रँक एक. सातव्या वक्त्याने सांगितलं की गेलेला माणूस रेल्वे स्टेशनवरची वजनकाट्याची तिकिटं वर्षानुवर्षं जपून ठेवत असे. अपवादाच्या कोष्टकात तेवढा एक आकडा पडला, आणि सभागृहात पहिल्यांदा कुणीतरी डोळे पुसले.

आता माझ्याबद्दल. जो हलत नाही तो या यंत्राला दिसतच नाही असं नव्हे. तो गेट, कडुनिंब, सूचनाफलक यांच्या बरोबरीने दिसतो. पुतणी म्हणाली, "काका, यात अपमान नाही. तुमच्याशिवाय बाकीचे ओळखताच आले नसते." हे तिने समजूत काढायला म्हटलं, की तिला तसं खरंच वाटतं, ते मी विचारलं नाही. मात्र उजव्या खिडकीत सहा वाजून बारा मिनिटांनी सायकल बाकासमोरून, माझ्यापासून जेमतेम चार हातांवरून जाते, आणि डाव्या खिडकीतले काका मानही वर करत नाहीत, हे कमिटीच्या सात सभासदांनी तीन वेळा मागेपुढे करून पाहिलं.

सायकल ज्या मुलाची, त्याच्याच मामाने ती नेली होती. ती कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सापडली. चाळीस रुपये झाले, ते मी दिले.