विषय : आपली झोप आणि आमची झोपमोड

प्रति,
मा. संगणकराव,
मु. पो. टेबल, डीटीपीचं दुकान, इंदापूर, जि. पुणे.

महोदय,

आपण झोपावं याला माझी कधीच हरकत नव्हती. लग्नपत्रिका, दशक्रियेची निमंत्रणं आणि भावी सरपंचांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स दिवसभर सोसणाऱ्याला विश्रांती हवीच. हरकत एवढीच की जगातले बाकीचे लोक झोपून उठतात. आपण फक्त पहिला अर्धा भाग करता.

परवाचंच घ्या. एका दूध संस्थेच्या वार्षिक अहवालाचं काम होतं. सहकारी संस्थेला वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि यच्चयावत संस्थांना अहवालाची आठवण सप्टेंबरातच होते. श्रद्धांजलीचा परिच्छेद झाला, ताळेबंद जुळला, दरफरकाचा तक्ता ओढूनताणून एका पानात बसवला. फाईल सेव्ह केली, पण उघडीच ठेवली, कारण सकाळी सचिव येऊन दोन आकडे बदलणार होते. मग आपल्याच मेनूत, आपल्याच अक्षरात लिहिलेलं ‘स्लीप’ दाबलं. पडदा विझला, दिवा लुकलुकू लागला. मी शटर ओढून घरी गेले.

सकाळी सचिव हजर. त्यांनी खुर्ची ओढली, समोरच्या टपरीवर चहा सांगितला. मी माऊस हलवला. पंखा घरघरला, दिवा स्थिर झाला, पडदा मात्र काळाच. स्पेसबार बडवला, मॉनिटरची पिन काढून घातली. चहा आला आणि त्याच्यापाठोपाठ आपण आलात : निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात आडवं पडलेलं रडवेलं तोंड आणि खाली ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’. सचिव चष्मा सारखा करत वाकले आणि म्हणाले, “ताई, हे मुखपृष्ठ आहे का?”

पुन्हा चालू झालात तेव्हा फाईल जागेवर होती. फक्त उघडत नव्हती.

आपल्या बाकीच्या गुणांबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. ऐन फ्लेक्सच्या घाईत अपडेट होता, होऊ दे. प्रिंटरला ओळख देत नाही, तो तुमचा घरगुती मामला. पण झोप? कुठलंही काम न करण्याचं काम आपल्याला जमू नये?

मी आपल्या झोपेचा कायदा वाचून काढला. 1996 साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचं मानक आणलं. कुणी किती गाढ झोपायचं, त्याच्या पायऱ्याच त्यात आखून दिल्या आहेत. एस 3 म्हणजे स्लीप : बाकी सगळं बंद, फक्त रॅमला थेंबभर वीज, कारण उघडी कामं रॅममध्येच असतात. एस 4 म्हणजे हायबरनेट : रॅममधलं सगळं सी ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल डॉट सिस’ या दडवलेल्या फाईलीत उतरवून घ्यायचं आणि वीज पूर्ण सोडायची. वाचताना डोळे भरून आले. मग कळलं की झोपण्याआधी ग्राफिक्स कार्डापासून यूएसबीत खुपसलेल्या वायफायच्या तुकड्यापर्यंत प्रत्येकाच्या ड्रायव्हरला ‘आता झोपायचंय’ असा निरोप जातो. उठतानाही तसाच. प्रत्येकाने वेळेत ‘झालं’ म्हणून कळवायचं असतं. एकजण जरी गप्प बसला, तरी वाट बघून बघून सगळा संगणक कोसळतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा तो तुकडा रात्री हूं की चूं करत नाही, आणि इकडे दूध संस्थेची सभा लांबते!

शिवाय एस 3 ला लागणारी ती थेंबभर वीज. ज्यांनी हे मानक लिहिलं त्यांच्या गावची वीज जात नसावी. इथे रात्री लाईट गेली की यूपीएस थोडा वेळ टीं टीं करतो आणि मान टाकतो. त्याबरोबर रॅममधलं सगळं वाऱ्यावर. यावर हायब्रिड स्लीप असा तोडगा आहे : रॅममध्येही ठेवा आणि डिस्कवरही लिहा. मी तोही चालू केला. आपण दोन्हीकडून कोसळलात.

खुलासा मागावा म्हणून इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे लाल खुणेची नोंद : कर्नल पॉवर, क्रमांक 41. अर्थ काय, तर संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. अहो, ते मी पाहिलं होतं! सचिवांनी पाहिलं होतं! चहावाल्या पोराने पाहिलं होतं!

मग आपल्याला मांडीवर घेऊन एसटीने बारामतीला निघाले. निमगाव केतकी, बेलवाडी, भवानीनगर, काटेवाडी, प्रत्येक गतिरोधकाला आपला पत्रा माझ्या गुडघ्यावर आपटत होता. शेजारच्या आजींनी विचारलं, “पोरी, काय नेतीस?” म्हटलं, “पेशंट.” दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आपण शहाण्या बाळासारखे झोपलात आणि उठलातही. पुन्हा झोपलात, पुन्हा उठलात. “इथं तर मस्त चालतोय, मॅडम.” चालणारच. वायफायचा तुकडा इंदापुरात माझ्या टेबलाच्या खणात होता.

त्याने दिलेले सल्ले आपल्या माहितीसाठी नोंदवते. ड्रायव्हर नवे टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यावं, या ओळीपुढची खूण काढा. बायोस अपडेट करा, मात्र ते चालू असताना लाईट जाता कामा नये, नाहीतर मदरबोर्ड गेलाच समजा. (हे तो बारामतीत बसून इंदापूरकरणीला सांगत होता.) आणि शेवटी या देशाचं रामबाण औषध : बंद करून चालू करा.

तिथेच माझं टाळकं सटकलं. कारण 2012 साली विंडोज 8 बरोबर फास्ट स्टार्टअप आलं, तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हणजे बंद नव्हेच. उघडे प्रोग्रॅम मिटतात, पण गाभा त्याच हायबरफिलमध्ये जाऊन निजतो आणि सकाळी जसाच्या तसा उठतो, कालच्या दुखण्यासकट. खरोखर नवा श्वास घ्यायचा तर ‘रिस्टार्ट’ दाबावं लागतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही भाविकपणे शट डाउन करत होतो आणि तू आत डोळे मिटून पडला होतास! झोप म्हटलं तर मरतोस, मर म्हटलं तर झोपतोस. तुझ्या पायी माझ्या गिऱ्हाइकाचा अहवाल गेला, मी रात्रभर जागून तो पुन्हा टाईप केला, आणि दुरुस्तीवाला शांतपणे सांगतो, “मॅडम, त्याला झोपवूच नका. सेटिंगमध्ये नेव्हर करून टाका.” हा उपाय? ज्याची झोप बिघडली त्याला जागं ठेवायचं?

याच बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली आहे. जमिनीतले सेन्सर आणि आकाशातले उपग्रह मिळून सांगतात, पाणी कधी आणि किती द्यायचं. अभिमान वाटतो. ऊस तहान लागली की कळवतो. तू मात्र कसला बोलतोस!

तरीही एक आज्ञा मारून पाहिली : पॉवरसीएफजी, लास्टवेक. तुला शेवटचं कुणी उठवलं, ते ही आज्ञा सांगते. आणि मी जरा गप्प झाले. उठवणारी मी नव्हते, टायमर होता. तुझी स्वयंचलित देखभाल रात्री दोनला ठेवलेली असते, कंपनीकडूनच. म्हणजे तुला झोपवायचं, दोनला हलवून उठवायचं, झाडलोट करून घ्यायची, परत झोप म्हणायचं. वर सकाळी माऊस हलताच हसतमुख हजर राहायचं. अरे, हे तर आमच्या निमगावच्या मामासारखं झालं! शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की तोही अपरात्री उठून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो, आणि सकाळी दूध घालायला डेअरीत हजर असतो. तो कोसळला तर त्याच्यावर कुणी निळा पडदा लावत नाही.

तुझ्या वयाच्यांची तर आणखीच पंचाईत. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, अकरा तुला पेलवत नाही. “नवा लॅपटॉप घ्या” म्हणे. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत एस 3 ची जुनी झोप ठेवलेलीच नाही. तिथे मॉडर्न स्टँडबाय : झाकण लावलं तरी आतून जागाच, निरोप बघतोय, बॅगेत तापतोय. झोपेवरचा इलाज म्हणून झोपच काढून टाकली.

सबब, पुढीलप्रमाणे आदेश देण्यात येत आहे. ‘पॉवरसीएफजी, एच ऑफ’ ही आज्ञा देऊन हायबरनेट आणि त्याच्या आडोशाने चालणारं फास्ट स्टार्टअप, दोन्ही बंद करण्यात आलं आहे. मेनूतून ‘स्लीप’ ही ओळ काढली आहे. रोज रात्री फाईल मिटून तुला पूर्ण बंद करीन आणि भिंतीतून पिनच उपटून ठेवीन. मग कुठल्याच टायमरच्या बापाला तुला दोन वाजता उठवता येणार नाही. ही शिक्षा समजू नये. निमगावच्या मामाला एवढी सोय अजून मिळालेली नाही.

आपली,
डीटीपीवाली ताई

प्रत : वायफायचा तुकडा, टेबलाचा खण. लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.