व्याह्यांनी झोन दाखला काढला

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींच्या लेकीचं जुळता जुळता फिसकटलं! जरा इकडे सरका, त्यांची खिडकी उघडी आहे.

ती बावधनच्या डोंगरावरची जागा हो... दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'आमची हिल-व्ह्यू प्रॉपर्टी' चालायचं ना, तीच. तर बैठक बसली, पोहे झाले. भाऊजी रंगात येऊन म्हणाले, "पुढंमागं 20 गुंठे जावयाचेच की!" मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला न् पिशवीतून कागद काढला. झोन दाखला! आधीच काढून आणलेला. "ही जागा बीडीपीत आहे," एवढंच बोलले. भाऊजींचा चेहरा असा पडला म्हणता... वहिनी रिकाम्या डिश घेऊन आत गेल्या, त्या बाहेरच येईनात. मला कुणी सांगितलं? अहो, आमची न् त्यांची कामवाली एकच.

तर काय सांगत होते... हां, बीडीपी. 1997 ला आजूबाजूची 23 गावं पुणे महापालिकेत आली, न् मग तिथल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजेच बीडीपीचं, आरक्षण पडलं. थोडंथोडकं नाही, 978 हेक्टर! 2015 ला सरकारनं शिक्कामोर्तब केलं. तिथं घर बांधायचं नाही. मोबदला काय, तर 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क. भाऊजींच्या 20 गुंठ्यांवर दीड गुंठ्याच्या आसपास कागद. एक गुंठा घेतलेल्याच्या वाट्याला 87 चौरस फूट. आमची मोरी धरून स्वयंपाकघर मोठं असेल!

आणि गंमत पुढेच आहे. भाऊजींच्या चुलतभावानं म्हणे आपला हिस्सा गुंठा-गुंठा पाडून नोटरीवर विकून टाकला. आज तिथं खोल्या उभ्या, टँकर येतो, लाइटचा मीटरसुद्धा लागलाय. भाऊजी मात्र नियम पाळत बसले. वहिनी परवा मला म्हणाल्या, "आम्ही काय गुन्हा केला हो?" मला खरंच उत्तर सुचेना. सगळ्या शहराला हिरवळ हवी, तर पैसे सगळ्या शहरानं द्यावेत ना!

तसं टेकड्या फोडून इमारती झाल्या तर पावसाचं पाणी मुरणार कुठं, हेही खरंच आहे. ते आपल्या वॉकिंग ग्रुपमधल्या डॉक्टरीणबाई रोज सांगतात. 'टेकडी वाचवा'चा फलक घेऊन पहिल्या रांगेत! पण गेल्या आठवड्यात कुणीतरी सहज विचारलं, "तुमच्या सासऱ्यांची पाषाणला टेकडीवर जागा आहे ना?" बाई एकदम गप्प. मग बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या... नाडी सुटलेली नव्हतीच.

आता 2025 मध्ये सरकारनं या आरक्षणावर अभ्यासगट नेमला, तेव्हापासून वहिनींकडे पुन्हा 'बघा, उठेल आता' सुरू झालंय. इतकी वर्षं हेच ऐकतेय मी. भाऊजी तर नव्या स्थळाला जागेचं सांगायचं की नाही, यावरून वहिनींशी भांडले म्हणे. आवाज आमच्या गच्चीपर्यंत... बरं, ते जाऊ दे.

तुमच्या धाकट्यानं बाणेरकडे कुठल्याशा प्लॉटला टोकन दिलंय, असं कानावर आलं. खरं का? मग नुसता सातबारा बघून गप्प बसू नका हो, आरक्षण त्यावर कळायचं नाही. आधी पालिकेत जाऊन झोन दाखला काढायला सांगा त्याला.