‘डन’ म्हणणारं गिऱ्हाईक

घासाघीस करणारा माणूस पैसे देतो. ‘डन’ म्हणणारा देत नाही. डोमेन विकण्याच्या धंद्यात एवढंच काय ते शास्त्र. बाकी सगळी वाट बघणं.

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, पुढे डॉट कॉम किंवा डॉट इन लागतं ते. बरी नावं आधीच नोंदवून ठेवायची, दरवर्षी त्यांच्या नूतनीकरणाचे पैसे वर अठरा टक्के जीएसटीसकट भरायचे, आणि जगात कुणाला तरी त्यातलं एखादं हवंसं वाटेल म्हणून बसून राहायचं. आमच्यात बड्या कंपन्यांची नावं बळकावून बसणारी एक जमात आहे. त्यांना दिल्ली उच्च न्यायालयानं १९९९ सालीच याहूच्या खटल्यात जागा दाखवून दिली. आम्ही तसले नव्हे. आम्ही हुरडा, पैठणी, मंगल कार्यालय, मोडी शिकवणी अशी कुणाच्याच बापाची नसलेली नावं घेऊन बसतो. सोसायटीत मात्र माझी गणना त्याच जमातीत होते, आणि वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की लोक माझ्याकडे जरा जास्तच बघतात.

माझे सासरे दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाले. सगळी नोकरी जमिनीचे दस्त नोंदवण्यात गेली. मी काय करतो हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते असं :

“जावईबापू, ही जागा नक्की कुठं आली?”

“जागा नाही अण्णा, नाव आहे.”

“कुणाच्या नावावर?”

“नावच माझ्या नावावर आहे.”

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “आणि ताबा?”

मी त्यांना सगळं समजावलं. डॉट इनचा कारभार निक्सी नावाची संस्था बघते, नाव कायमचं कुणाच्याच मालकीचं होत नाही, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी घेता येतं, मुदत संपली की पुन्हा पैसे. “म्हणजे भाडेपट्टा,” अण्णा म्हणाले. माझ्या मित्रांना जे कधी कळलं नाही ते त्यांना अर्ध्या सुपारीत कळलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला : “इसार किती घेता?”

आमच्यात इसार घेत नाहीत, असं मी सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि विषय बदलून पावसावर नेला.

या धंद्यात माणूस का पडतो, तर आकड्यांमुळे. जगातलं पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ रोजी नोंदवलं गेलं. पुढची दहा वर्षं नोंदणी फुकट होती. १९९५ मध्ये दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. आणि १९९९ मध्ये बिझनेस डॉट कॉम हे एक नाव पंचाहत्तर लाख डॉलरना गेल्याची बातमी आली. ती बातमी ज्यानं वाचली तो कामातून गेला. २००५ मध्ये डॉट इन सगळ्यांना खुलं झालं तेव्हा ज्यांनी ज्यांनी रात्र जागून नावं गोळा केली, त्या सगळ्यांच्या डोक्यात ते पंचाहत्तर लाखच होते. पंचाहत्तर लाख कबूल करून न देणाऱ्यांची बातमी कुणी छापत नाही.

तर हे ‘डन’वालं गिऱ्हाईक. ते रात्री जेवणं झाल्यावर येतं.

“सर, ते हुरड्याचं नाव सेलला आहे का?”

“आहे.”

“प्राइस?”

माझ्या मनात अठरा होते, म्हणून मी पस्तीस हजार म्हणालो. पलीकडून एका सेकंदात उत्तर आलं :

“डन.”

नवखा विक्रेता इथं बायकोला उठवतो. जुना विक्रेता फोन चार्जिंगला लावून झोपतो. पस्तीस हजार म्हटल्यावर ज्याच्या तोंडून ‘अहो, काय राव’ निघत नाही, त्याच्या खिशातून तेवढे निघणार नसतात. ज्याला खरोखर पैसे मोजायचे आहेत त्याच्या पोटात आकडा ऐकून कळ आलीच पाहिजे. ही कळ म्हणजेच खरा इसार. तुळशीबागेत दीडशेची वस्तू शंभरात मागणारी बाई दुकानदाराला आवडते ती का, हे मला डोमेन विकायला लागल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकानं खाते क्रमांक मागितला. दिला. त्यावर अंगठा आला. मग जोडलेले हात आले. मग बरेच दिवस काहीच आलं नाही.

पूर्वी या टप्प्यावर ‘चेक टपालात टाकलाय’ म्हणायची सोय होती. पुढे ‘आज दुसरा शनिवार’ आला. डिसेंबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेनं एनईएफटी रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालू ठेवली आणि तो शनिवार गेला. त्याआधीच, २०१६ मध्ये, यूपीआय आलं होतं. आता पैसे पाठवायला शिंक येण्याइतकाही वेळ लागत नाही. मला वाटलं होतं, न देणाऱ्यांची पंचाईत होईल. छे! यूपीआयची आजची लिमिट संपली. ओटीपी येत नाही. सिम बायकोच्या फोनमध्ये आहे आणि बायको माहेरी आहे. बँकांनी जेवढी सोय वाढवली तेवढी यांची प्रतिभा वाढली.

माझ्या हुरडेवाल्यानं शेवटी स्क्रीनशॉट पाठवला. रक्कम बरोबर, माझं नाव बरोबर, आणि मध्ये ते गोल फिरणारं चक्र. चित्रातलं चक्र फिरत नसतं हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण खाली त्यानं लिहिलं होतं : “फिरतंय सर.”

मी म्हटलं, फिरू दे. त्यानंतर त्यानं जो फोटो पाठवला त्यानं मात्र मी गार झालो. व्हिजिटिंग कार्ड. जाड कागद, मॅट फिनिश, कोपऱ्यात ज्वारीचं उभारलेलं सोनेरी कणीस, मधोमध याचं नाव, त्याखाली ‘संस्थापक’, आणि सर्वांत खाली, बारीक पण अगदी शुद्ध स्पेलिंगमध्ये, माझं डोमेन. “कसं वाटतंय सर? पाचशे छापली.” छापखानेवाल्याला पैसे दिले का, असं विचारावंसं वाटलं, पण एका पीडितानं दुसऱ्या पीडिताची चौकशी गिऱ्हाईकाकडे करू नये.

ते कार्ड बघितल्यावर या माणसांचा उलगडा झाला. हे लबाड नव्हेत. लबाडाला माल हवा असतो. हा मालाच्या मागे कधी लागलाच नाही, ट्रान्सफरचा कोडसुद्धा मागितला नाही. त्याला हवी होती ती घेतल्याची गंमत. ‘डन’ म्हटलं त्या रात्री तो घरात म्हणाला असणार, “डोमेन घेतलं बरं का.” आईनं देवापुढे साखर ठेवली असेल. खरेदी तिथंच संपली. त्यानंतर पैसे देणं हे त्याच्या दृष्टीनं निव्वळ कारकुनी काम, आणि तो तर संस्थापक.

लिलावात हे जास्त उघड दिसतं. ऑनलाइन लिलावात शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की बऱ्याच ठिकाणी वेळ आपोआप काही मिनिटांनी वाढतो. त्यामुळे दोन इरेला पेटलेले पुरुष मध्यरात्रीपर्यंत एकमेकांवर पाचपाचशे चढवत बसतात. मी चहा करून आणतो. जिंकणारा जिंकल्याक्षणी अंतर्धान पावतो. मग हरलेल्याला विचारावं तर तो म्हणतो, “मला नाव नको होतं हो, त्याला मिळू द्यायचं नव्हतं.” लिलाव चालवणाऱ्यांकडून ईमेल येतं : आम्ही खरेदीदारास स्मरण दिले आहे. पुढे त्याचं खातं बंद होतं आणि पुढच्या लिलावात तोच माणूस नव्या नावानं, पण त्याच पाचशेच्या चढीनं, पुन्हा हजर.

यावर इलाज आहे, नाही असं नाही. त्याला एस्क्रो म्हणतात. पैसे आधी त्रयस्थाकडे, मग नाव गिऱ्हाईकाकडे, मग पैसे आपल्याकडे. अण्णांना ही पद्धत ऐकूनच आवडली. पण एस्क्रो म्हटलं की ‘डन’वाल्याचा कंठ दाटून येतो. “म्हणजे सर, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?” तो खरंच दुखावलेला असतो. आपणच त्याचे पस्तीस हजार लागतो की काय, असं वाटायला लागतं.

कोर्टाचंही बघून झालं. माझा एक वकील मित्र म्हणाला, मालविक्रीचा १९३० चा कायदा अगदी स्पष्ट आहे : हातोडा पडला की लिलावातली विक्री पूर्ण. मी खूश. मग तो म्हणाला, प्रश्न एवढाच की तुझं नाव म्हणजे ‘माल’ आहे का? डोमेनला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या निकालात म्हटलंय खरं, पण तो वाद वेगळा होता. “तू दावा लाव. माल आहे की नाही एवढं ठरेपर्यंत तुझी मुलगी वकील होईल, मग ती पुढचं बघेल.” नोटिशीची फी मात्र त्यानं आधी सांगितली. त्यात कमी-जास्त होणार नव्हतं.

आपल्यापेक्षा मोठे बुडाले की तेवढंच बरं वाटतं. अमेरिकन सरकारनं १९९६ मध्ये मोबाइलच्या लहरींचा लिलाव केला. नेक्स्टवेव्ह नावाच्या कंपनीनं सुमारे ४७० कोटी डॉलरची बोली लावून डझनांनी परवाने जिंकले आणि १९९८ मध्ये दिवाळं जाहीर केलं. सरकारनं परवाने काढून घेतले, दुसऱ्यांना विकायला काढले, आणि २००३ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दिवाळखोराचे परवाने असे काढून घेता येत नाहीत. म्हणजे पैसे थकवले ते गिऱ्हाईकानं, आणि कोर्टात हरलं सरकार! मी ही हकिगत मोठ्या आवेशात अण्णांना सांगितली.

“इसार घेतला होता का सरकारनं?”

“हो, दहा टक्के.”

“मग तुमच्यापेक्षा बरे.”

यापेक्षा उच्च कोटीचं न देणं पाहायचं तर पॅरिसला जावं लागेल. फेब्रुवारी २००९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात उंदीर आणि ससा यांची दोन ब्राँझची शिरं निघाली. १८६० मध्ये युरोपी फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हाची ही लूट. चाय मिंगचाव नावाच्या चिनी गृहस्थानं फोनवरून दोन्हींवर मिळून तीन कोटी युरोंच्या वर बोली लावली, जिंकली, आणि मग पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मी पैसे देणार नाही, हे माझं देशकर्तव्य होतं. काही वर्षांनी, २०१३ मध्ये, ती शिरं चीनला चक्क भेट म्हणून परत मिळाली. आमच्या पंथात या गृहस्थाचा फोटो लावायला हवा, कोणत्या बाजूनं ते ठरलं की.

कारण आपल्याकडेही कर्तव्यबुद्धीनं न देणारे आहेतच. २०१४ पासून ‘डॉट भारत’ मिळतं, म्हणजे अख्खं नाव देवनागरीत. मी हौसेनं काही घेतली. मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास त्यांना मागणी येते. एका तरुणानं त्यातलं एक मागितलं. आवाजात फेब्रुवारीची धग होती. मी किंमत सांगितली. तो म्हणाला, अस्मितेची किंमत करायची नसते. आणि त्यानं ती केली नाही.

एक जात आणखी वरची आहे, तिला गिऱ्हाईक म्हणायचं की नाही हेच कळत नाही. इंग्रजीत पत्र येतं, साहेब परदेशातून लिहितात, मागितल्यापेक्षा दुप्पट द्यायला तयार. फक्त त्यांच्या गुंतवणूकदाराला नावाच्या मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागतं, तेही एका ठरावीक वेबसाइटचं. फी थोडे डॉलर, ती तुम्ही भरा, आम्ही किमतीत धरून देऊ. ती वेबसाइट साहेबांचीच. न देणारे पाहिले होते. हे उलट विकणाऱ्याकडूनच घेऊन जातात. डोमेनवाल्यांत हा डाव इतका जुना आहे की आता असं पत्र आलं की मी आस्थेनं त्यातलं व्याकरण तपासतो.

म्हणून इचलकरंजीच्या सुताच्या व्यापाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत नीट बसलो. मेसेज नाही, फोन, तोही दुपारच्या झोपेनंतरचा. मी चाळीस हजार म्हणालो.

“आठ,” ते म्हणाले.

कानाला किती बरं वाटलं! मी म्हटलं, पस्तीस. ते म्हणाले, अहो, बारा अक्षरं हाईत त्यात, सहाचं असतं तर बोलनं येगळं. मी म्हटलं, अठ्ठावीस. ते म्हणाले, मधी एक आडवी रेघ टाकली की हजारात मिळतंय म्हणं, पोरगं सांगत होतं. मी म्हटलं, मग घ्या रेघेचं. त्यावर ते हसले आणि माझी खात्री पटली. नूतनीकरण जानेवारीत आहे हे त्यांनी काढून घेतलं आणि सरलेल्या महिन्यांचे पैसे वजा मागितले. एस्क्रो म्हटल्यावर विश्वासाचं नाव काढलं नाही. त्याची फी कुणी द्यायची यावर अर्धा तास घेतला, मग म्हणाले, त्यापेक्षा मीच आधी भरतो, तुमी कुठं पळताय! साडेसोळावर आलो, तर म्हणाले, राउंड करा. राउंड म्हणजे सोळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेचा मेसेज वाजला : पंधरा हजार नऊशे चौऱ्याण्णव रुपये दहा पैसे. त्यांच्या मुनिमानं शाखेत जाऊन एनईएफटी केली होती आणि बँकेचा पाच रुपये नव्वद पैशांचा आकार माझ्या पैशांतून कापला होता. मी तो मेसेज अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी दहा पैशांपर्यंत लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाले, “माणूस चांगला दिसतो.”

मी कोड पाठवला. संध्याकाळी पुन्हा फोन.

“पोचलं न्हवं पैसं?”

“पोचले, पोचले.”

“मग वेबसाइट कवा चालू हुतीया?”

“वेबसाइट नाही हो त्यात. नुसतं नाव.”

पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

“सोळा हजारात नुसतं नाव?”

“नुसतं नाव.”

“मग असं करा,” ते म्हणाले, “त्याचं डॉट इन पन टाका की वर.”

टाकलं.